रक्तापुरता बरा

माझ्या मुलाचं कार्ड पांढरं आहे आणि ते खोटं आहे. लिहिलं मीच आहे, खाली सहीसुद्धा माझीच आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी कोणावर डाफरले तर त्यातलं निम्मं डाफरणं स्वतःवर आहे हे लक्षात राहील.

त्या रविवारी आम्ही खोब्रागड्यांच्या घरी बसलो होतो. मी, माझा मुलगा अश्वजित, समोर दिवाकरभाऊ खोब्रागडे, त्यांची बायको आणि त्यांची मुलगी उत्पला. आमच्या भंडाऱ्याकडे आता पसंतीच्या बैठकीत चहाच्या आधी कार्डं निघतात. पूर्वी लोक शिक्षण विचारायचे, नोकरी विचारायचे. आता ट्रेमध्ये दोन कार्डं शेजारीशेजारी ठेवतात आणि सगळे वाकून बघतात. सिकलसेलची कार्डं. पांढरं म्हणजे तुमच्यात या रोगाचं जनुक नाही. अर्धं पांढरं अर्धं पिवळं म्हणजे दोनपैकी एक जनुक बिघडलेलं. तुम्ही ठणठणीत, पण मुलांना ते देऊ शकता. पूर्ण पिवळं म्हणजे दोन्ही जनुकं बिघडलेली, म्हणजे रोग.

उत्पलाचं अर्धं होतं. अश्वजितचं पांढरं.

"जमलं मग!" दिवाकरभाऊ खूश होऊन म्हणाले. "अर्ध्याले पांढरं. आमची पोरगी तुमच्याकडूनच शिकून आली होती कॉलेजात, कुंदाताई. तवापासून तिचं एकच. पांढरं असलं तरच मुलाले पाहाले या म्हणा."

उत्पला हसली. "मॅडम बोटांवर मोजून सांगत होत्या. अजून पाठ आहे मले."

माझ्याही पाठ आहे. पिवळ्याला पिवळं नको, अर्ध्याला अर्धं नको, अर्ध्याला पांढरंच हवं. तालुक्याच्या रुग्णालयात मी सिकलसेलची समुपदेशक आहे. वीस वर्षं झाली, एकही कॉलेज सोडलं नाही. प्रत्येक ठिकाणी हे म्हणून दाखवलं, पोरापोरींकडून म्हणवून घेतलं. तेच आता चहाच्या कपांमधून माझ्याकडे परत येत होतं आणि माझा मुलगा निवांत चिवडा खात होता.

साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, दोन आठवड्यांनी ठरलं.

मला दोन मुलं झाली. थोरली विशाखा सहाव्या वर्षी गेली. हाडं दुखतात म्हणून रडायची, मी तेल चोळायची, शेजारीण नजर काढायची. माझं आणि माझ्या नवऱ्याचं, दोघांचंही कार्ड अर्धं आहे हे आम्हाला ती गेल्यावर कळलं, कारण कार्ड नावाची वस्तूच तेव्हा आमच्या गावात पोचली नव्हती. अश्वजित तोवर पोटात होता. तोही पिवळाच निघाला. त्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी गोल राहण्याऐवजी विळ्यासारख्या वाकायच्या, बारीक शिरांत अडकायच्या, आणि मग तीन-तीन दिवस नुसता आरडाओरडा. त्याचे बाबा सात वर्षांपूर्वी गेले, पण पोरगा बरा झालेला बघून गेले. तेवढं एक बरं झालं.

बरा झाला तो एका विषाणूमुळे. ते कसं झालं हे मी आजवर हजारभर लोकांना समजावलं असेल, आणखी एकदा समजावते.

आपल्या प्रत्येक पेशीत डीएनए असतो. त्याला पाककृतींचं जाड पुस्तक समजा. पुस्तक कधी बाहेर येत नाही. हवी ती कृती चिठ्ठीवर उतरवायची, ती चिठ्ठी म्हणजे आरएनए, आणि चिठ्ठी बघून पेशी प्रथिनं रांधते. पुस्तकातून चिठ्ठी, चिठ्ठीवरून पदार्थ. रेट्रोव्हायरस ही गाडी उलटी चालवतो. त्याच्याजवळ पुस्तक नाहीच, नुसती चिठ्ठी. पेशीत शिरला की सोबत आणलेल्या एका विकराच्या, म्हणजे एन्झाइमच्या, मदतीने तो चिठ्ठीवरचा मजकूर पुन्हा पुस्तकाच्या भाषेत लिहितो. मग दुसऱ्या विकराने पेशीचं पुस्तक उसवतो आणि आपलं पान आत शिवून टाकतो. एकदा शिवलं की संपलं. ते पान परकं आहे हे पेशीला ओळखू येत नाही. ती दुभंगली की पानाचीही नक्कल होते, तिच्या लेकींत, लेकींच्या लेकींत, शेवटपर्यंत.

मूळ विषाणूच्या पानावर हुकूम एकच, माझ्यासारखे आणखी बनव. पेशी बनवत राहते, आणि नवे विषाणू तिच्याच कवचाचा तुकडा पांघरून बाहेर पडतात, पुढच्या पेशी गाठतात. एचआयव्ही याच कुळातला. शिवाय पान नेमकं कुठे शिवलं जाईल याचा नेम नाही. वाढीवर ताबा ठेवणाऱ्या एखाद्या जनुकाशेजारी शिवलं गेलं तर ते जनुक चेकाळतं, पेशी थांबायचं विसरते आणि वाढतच सुटते. यालाच कर्करोग म्हणतात.

अशा या चोराला शास्त्रज्ञांनी कामाला लावलं. त्याच्या पानावरचा स्वतःचा मजकूर खोडला, शिवणकाम तेवढं ठेवलं. पानावर चांगल्या हिमोग्लोबिनची कृती लिहिली, आणि जुन्या बिघडलेल्या कृतीच्या चिठ्ठ्या दिसतील तिथे फाडून टाक अशी एक ओळ. मग अश्वजितच्या अस्थिमज्जेतून रक्त बनवणाऱ्या मूळ पेशी काढल्या, एका पिशवीत त्या विषाणूबरोबर दोन दिवस ठेवल्या आणि परत त्याच्या शिरेत सोडल्या. त्याआधी जुनी मज्जा साफ करावी लागते. पूर्वी त्यासाठी जालीम औषधं द्यायचे आणि पोरं पुढे बाप होऊ शकायची नाहीत. नागपूरच्या आमच्या केंद्रात ते काम प्रतिपिंडांनी करत, त्यामुळे तो धोका टळला. तेव्हा आम्हाला ही फार आनंदाची गोष्ट वाटली होती.

अश्वजित तेव्हा चौदाचा होता. वर्षभरात त्याच्या रक्ताची तपासणी केली तर रोगाची रेघ पट्टीवरून गायब. रक्त बघणाऱ्या कोणत्याही यंत्राने शपथेवर सांगितलं असतं की या मुलाला सिकलसेल कधी नव्हताच.

आणि मग आम्ही कार्डबदलाचा कार्यक्रम केला. कल्पना माझीच. मंडप घातला, बरी झालेली पोरं खुर्च्यांवर बसवली, प्रत्येकाचं पिवळं कार्ड परत घेऊन पांढरं दिलं. हार, पेढे, फोटो. ज्या पोरांना शाळेत कोणी खेळायला घेत नव्हतं त्यांच्यासाठी टाळ्या वाजत होत्या. सर्वांत पहिलं कार्ड अश्वजितचं. तो आठ दिवस ते उशाशी घेऊन झोपला. हळूहळू दोन वर्षांत मी अशी एक्केचाळीस कार्डं बदलली.

नंतर परिपत्रक आलं. उपचार घेतलेल्यांचं कार्ड पिवळंच ठेवावं, त्यावर निळा शिक्का मारावा. कारण साधं होतं आणि मला ते कोणी सांगण्याचीही गरज नव्हती. विषाणू फक्त त्या पिशवीतल्या पेशींत गेला. कातडीत गेला नाही, केसांत गेला नाही, बीजात गेला नाही. अश्वजित रक्तापुरता बरा झाला. मुलाला तो जे देणार ते जुनंच देणार, बिघडलेलं. मी परिपत्रक वाचलं आणि फाइलीत लावलं. कोणाच्या घरी जाऊन पोराच्या हातातलं पांढरं कार्ड काढून घेऊ? पोरं लहान आहेत, लग्नाला अवकाश आहे, बघू पुढे. पुढे बघायचं राहून गेलं आणि पोरं मोठी झाली.

खोब्रागड्यांकडून घरी आल्यावर मी अश्वजितला समोर बसवलं. तो बस डेपोत बॅटऱ्यांचं काम बघतो. सव्वीस वर्षांचा, दंड असे, आवाज असा. त्याच्याकडे बघून मला अजूनही विश्वास बसत नाही की हाच तो पोरगा.

"तिले सांग," मी म्हटलं.

"काय सांगू?"

"काय ते तुले माहीत आहे. तुह्या बीजात दोन्ही जनुकं खराबच आहेत. तिच्यात एक आहे. दोघांतलं एक लेकरू पिवळं होणार."

"मी बरा झालो आई. तूच पेढे वाटले."

"रक्त बरं झालं!"

"मंग झाल्या लेकराले बी करू बरं. मले केलं तसं."

इथे माझं डोकं फिरलं. चार वर्षांपूर्वी ते केंद्र बंद पडलं हे त्याला माहीत होतं. तिसऱ्या तुकडीतल्या दोन पोरांमध्ये ते पान नको त्या जागी शिवलं गेलं होतं. एकाच पेशीची पिलावळ वाढत वाढत अख्खं रक्त व्यापून बसली, दोघांनाही रक्ताचा कर्करोग झाला. तेव्हापासून विषाणू बनवणंच थांबलंय, चौकशी चालू आहे, कुलूप आहे. अश्वजितची स्वतःची दरवर्षी तपासणी होते, कोणती पिलावळ किती वाढली ते बघायला. सुदैवाने त्याचं ठीक आहे.

"कुठं करणार बरं? कुलपाले सलाईन लावणार का?"

"तंवर उघडन."

"आणि नाही उघडलं तर? तू विशाखाले नाही पाह्यलं. मी पाह्यलं."

"झालं सुरू," म्हणत तो उठला. "आई, साक्षगंधापर्यंत तोंड उघडू नको. माह्यी शपथ आहे तुले."

शपथ घालायला बरी अक्कल आहे पोराला.

सोमवारी मी सरळ मार्गाने जायचं ठरवलं. तालुका वैद्यकीय अधिकारी डॉ. बनसोड माझ्याहून वीस वर्षांनी लहान आहेत आणि माणूस वाईट नाही. मी त्यांना सांगितलं की एक कार्ड चुकलंय, रंग बदलायचाय. त्यांनी संगणक उघडला.

"नवा नमुना टाका, ताई. रंग आपोआप बदलेल."

"नमुना रक्ताचाच ना? तो पांढराच येणार."

"मग अडचण काय आहे?"

"अडचण हीच आहे की तो पांढरा येणार!"

त्यांनी चष्मा पुसला. मी सगळं सांगितलं. निळ्या शिक्क्याचं परिपत्रकही दाखवलं. त्यांनी यादी खालीवर फिरवली. पांढरा, पिवळा, अर्धा. निळा कुठेच नव्हता. परिपत्रक काढणारं खातं वेगळं आणि संगणक चालवणारं वेगळं, आणि नऊ वर्षांत त्या दोघांची गाठ पडलेली दिसत नव्हती.

"केसाच्या मुळाची चाचणी करता येईल," ते म्हणाले. "तिथे मूळ जनुकं दिसतील. पण त्याला रुग्णाची लेखी संमती लागेल."

"तो नाही देणार."

"मग नाही होणार."

"आणि मुलीकडच्यांना मी सांगितलं तर?"

"ताई, रुग्णाची माहिती तिसऱ्या माणसाला द्यायची नाही, याचं प्रशिक्षण सगळ्या जिल्ह्याला तुम्हीच देता."

खरं होतं. फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहून देते. त्या क्षणी मला तो फळा, ती अक्षरं आणि ते लिहिणारी बाई, तिघांचाही भयंकर राग आला. घरी येऊन मी न्हाणीघरात गेले तर अश्वजितचा कंगवा समोरच, त्यात चार-पाच केस. मूळ असलेला एकतरी निघाला असता. मी कंगवा हातात घेतला, उजेडात धरला आणि खाली ठेवला. कसली शुचिता म्हणून नव्हे. त्या केसातून मला काहीच नवं कळणार नव्हतं. मला पुरावा नको होता, पुरावा जिला हवा होता तिला तो हवाय हेच ठाऊक नव्हतं.

गुरुवारी ती स्वतःच आली. बाह्यरुग्ण विभाग आटोपत आला होता. उत्पला राईस मिलमध्ये धानाचे नमुने तपासते. कपड्यांवर कोंड्याची पांढरट पूड, हातात लिफाफा.

"काकू, हे तुम्हाले दाखवाले आणलं. आम्ही दोघं नागपूरले जाऊन आलो काल. खाजगी लॅबमंधी. मले एकदा तपासून पटत नाही, कामाची सवय आहे. अश्वजितबी लगेच हो म्हणले. पाहा, पांढरंच."

मी अहवाल पाहिला. पट्टीवर एकच स्वच्छ रेघ. लगेच हो म्हणाला! म्हणजे पोरगा नुसता गप्प बसला नव्हता. यंत्र काय बोलेल हे पक्कं ठाऊक असल्यामुळे तिला हाताला धरून यंत्रापुढे घेऊन गेला होता.

मी दार लावलं आणि तिला सगळं सांगितलं. नियम मोडला. विषाणू, पिशवी, शिवलेलं पान, बीज.

"म्हणजे पोत्याच्या तोंडाशी चांगला माल भरला," शेवटी ती म्हणाली, "आणि आमची नमुना काढायची नळी दरवेळी तिथंच जाऊन राहिली."

"हो. खालचा माल कोणी बदललाच नाही."

ती लिफाफ्याची कड दुमडत बसली. मला वाटलं रडेल. ती रडली नाही आणि त्यामुळे मला जास्त अवघड झालं.

"मॅडम," ती म्हणाली. काकू गेलं होतं. "मिलमंधी एक मुलगा होता. तीन वर्षं ओळख होती. चांगला होता. त्याचं कार्ड अर्धं होतं. तुम्ही शिकवलं तसं मी त्याले नाही म्हटलं. त्याचं लग्न झालं गेल्या वर्षी."

मी अहवालाची घडी करून तिच्यापुढे सरकवली.

"अर्ध्या-अर्ध्याले चारातल्या एका लेकराले धोका ना? आणि यांच्यात माह्यात?"

"दोघांतल्या एकाले."

"म्हणजे मी तुमचं ऐकून चौघांतलं एक सोडलं आणि दोघांतलं एक घेतलं."

"गर्भात तपासता येते, उत्पला. तिसऱ्या महिन्यात."

"आणि खराब निघालं की?" ती उठली. "दरवेळी? ते तुम्ही कॉलेजात नव्हतं सांगितलं."

दाराशी जाऊन ती थांबली. "हे खरं कशावरून? अश्वजित म्हणतील आईले मी पसंत नाही म्हणून खोटं बोलते."

"केसाच्या मुळात दिसते. पण त्यानं दिला पाहिजे."

"मंग मागते," ती म्हणाली.

रविवारी दुपारी ती आमच्याकडे आली. अश्वजितने नवा शर्ट घातला होता. त्याला काही कल्पना नव्हती. हॉलचं बघायला जायचं असं समजून बसला होता. मी पाणी आणून दिलं आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले. तिथून जायला हवं होतं, पण पाय निघाला नाही.

उत्पलाने पर्समधून मिलमधली नमुन्याची छोटी पिशवी काढली. वरून दाबून बंद करता येते, तसली.

"एक केस दे," ती म्हणाली. "मुळासकट."

तो आधी हसला. मग त्याने माझ्याकडे बघितलं आणि हसू गेलं.

"सांगितलं तू?"

"तिच्याशी नको, माह्याशी बोल," उत्पला म्हणाली. "एकच केस. खरं नसलं तर मी तुह्या आईच्या पाया पडून माफी मागते आणि पुढच्या रविवारी साक्षगंध."

"तू लग्न करून राहिली का पोतं घेऊन राहिली?"

"पोतं असतं तर एवढा वेळ नसता लावला."

त्याचा हात डोक्याकडे गेला. मला वाटलं देतो. त्याने केसांवर तळवा ठेवला, दाबून, आणि एक पाऊल मागे सरकला. ज्या पोराने हाडात सुया खुपसून घेतल्या होत्या तो एका केसासाठी भिंतीला टेकला होता. मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली आणि त्याला जवळही घ्यावंसं वाटलं.

उत्पला पिशवी धरून उभी होती.

"मले माहीत होतं," तो म्हणाला. "पहिल्या दिवसापासून. डॉक्टरनं सांगितलं होतं मले, आई बाहेर पेढे वाटून राहिली होती तवा. चौदा वर्षं पिवळा होतो मी. मास्तर मले पळू देत नव्हते. नातेवाईक घरी आले की आधी माह्या डोळ्यांत पाहत, पिवळे दिसते का म्हणून. मले एकदा, एकदा तरी असं पाहिजे होतं का माह्यं कार्ड कोणी उचलावं आणि म्हणावं, जमलं."

"मीच म्हटलं ते," उत्पला म्हणाली.

"हो."

"कार्ड पाहूनच म्हटलं मी. खोटं कशाले बोलू. पिवळं असतं तर तुले पाहाले बी आली नसती." तिने पिशवीचं तोंड दाबून बंद केलं. "पण तू मले मिलमंधी न्यायले यायचा, तवा कार्ड कुठं होतं? अख्खा आठवडा होता तुह्याजवळ. तू सांगितलं असतं तर मी आठ दिवस रडली असती, आणि मंग काय केलं असतं मलेच माहीत नाही. ते मी ठरवलं असतं ना. आणि तू मले लॅबमंधी नेलं! मी पैसे... जाऊ दे."

ती पिशवी तिने परत पर्समध्ये टाकली. जाताना मला नमस्कारसुद्धा केला, आणि तो केला नसता तर बरं झालं असतं.

गाडीचा आवाज गल्लीच्या टोकाला गेला. अश्वजित तिथेच जमिनीवर बसला.

"खूश?" तो म्हणाला.

"नाही."

"तिले पांढरंच पाहिजे असं कोणी शिकवलं? तू. मले पांढरं कोणी दिलं? तू. मंग मी काय केलं सांग."

तू लपवलंस हे उत्तर होतंच, पण ते माझ्या तोंडून शोभलं नसतं. नऊ वर्षं परिपत्रक फाइलीत लावून बसलेली बाई कोणाला काय सांगणार? मी म्हटलं, "तुह्यं कार्ड मी रद्द करते. रंग नसला तर नसला. सही माह्यी आहे, मीच लेखी देते का चुकीचं आहे."

"नोकरी जाईन तुह्यी."

"जाऊ दे."

"आणि बाकीचे?"

त्याने हे रागानेच विचारलं होतं, मला टोचायला. पण प्रश्न बरोबर होता. मी कपाटातून जुनं रजिस्टर काढलं. एक्केचाळीस नावं. पहिलं माझ्याच घरातलं. सगळी आता बावीस ते तीसच्या मधली, म्हणजे सगळी लग्नाची, आणि प्रत्येकाच्या हातात माझी सही असलेला पांढरा खोटेपणा. ज्यांना अर्धं कार्ड आहे अशा पोरी त्यांनाच शोधत असणार, कारण त्यांना तसं शोधायला मी शिकवलंय. नुसतं चुकीचं कार्ड असतं तर एखाद-दुसरा फसला असता. माझी शिकवण आणि माझी चूक मिळून नेमकी जोडी लावत होती.

दुसरं नाव मनोहर कोडापे. देवरीकडचा. कार्यक्रमात हार घालताना त्याने मला खाली वाकवून कानात विचारलं होतं, आता मी नदीत पोहू का. मी नंबर फिरवला. अश्वजित बसल्या जागेवरून बघत होता.

फोन एका बाईने उचलला. मी नाव सांगितलं.

"अगं माय, कुंदा मॅडम!" ती ओरडलीच. "तुम्हीच का जी! मी रंजना, मनोहरची बायको. तुम्ही आमच्या कॉलेजात आल्या होत्या, पुराडच्या. आम्हीच फोन लावणार होतो तुम्हाले. पोरगी झाली आम्हाले. सव्वा महिन्याची झाली. बारशाले याच तुम्ही, हे म्हणून राहिले का मॅडमशिवाय नाव नाही ठेवायचं."

मागून बाळाचा आवाज येत होता, नुकतं उठल्यासारखा.

"रंजना," मी म्हटलं, "तुह्यं कार्ड कोणतं आहे?"

"अर्धं जी. म्हणून तर यांच्याशी केलं."

"आणि पोरीचं? तपासणी केली?"

"नर्सबाईनं विचारलं होतं," ती म्हणाली, "पण बापाचं पांढरं असलं की बाळाची करत नाहीत ना जी. तुम्हीच सांगितलं होतं."